गव्हर्नरसाहेबांचं मानपत्र

ओमानमधल्या सोहारच्या त्या कॉलनीत साहेब जायला निघाला की लोकांना एकदम त्याचे गुण आठवायला लागतात. सात-सात वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याच्यासाठी हॉल ठरतो, शाल येते, सलालाहून नारळ मागवला जातो, आणि मानपत्रासाठी फ्रेडरिक तुस्कानोला फोन जातो. फ्रेडरिकने अशी आठ मानपत्रं लिहिली होती. आठही साहेब त्यात दयाळू, दूरदर्शी आणि पितृतुल्य होते. त्यातल्या दोघांना तर कॉलनीतलं कुत्रंसुद्धा ओळख देत नसे, पण मानपत्रात ते लिहायची पद्धत नाही.

नववे दयानंद रांगणेकर. पोलाद कारखान्याचे जनरल मॅनेजर. कारखान्याला लागूनच चारशे घरांची कॉलनी, आणि तिथलं पानही त्यांना विचारल्याशिवाय हलायचं नाही. कोणाला कुठलं क्वार्टर, कोणाची रजा, शाळेची बस कोणत्या गल्लीतून वळणार, क्लिनिकमध्ये कोण नोकरीला लागणार, सगळं त्यांच्या सहीवर. कोणीतरी थट्टेत त्यांना गव्हर्नर म्हणालं आणि ते नाव चिकटलं. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. उलट त्यांची चाल जरा संथ झाली.

मराठी मंडळाचा सेक्रेटरी प्रशांत याने फोन केला तेव्हा फ्रेडरिक नेहमीसारखा कुरकुरला नाही. एरवी तो डोळे दुखतात म्हणायचा, आता एखाद्या तरुणाला द्या म्हणायचा, दोन दिवस आढेवेढे घ्यायचा. या खेपेला लगेच हो म्हणाला. प्रशांतला वाटलं, म्हाताऱ्याला साहेबांबद्दल खरंच जिव्हाळा आहे. प्रशांतला पुष्कळ गोष्टी अशा वाटतात.

खरं कारण मजीद होता, आणि मजीदला जाऊन चौदा महिने झाले होते.

मजीद रत्नागिरीकडचा. कारखान्यात क्रेनखाली भार बांधायचं काम करायचा. क्रेनचा ब्रेक घसरतो म्हणून त्याने शिफ्टच्या वहीत तीनदा लिहिलं होतं. चौथ्यांदा लिहायला तो राहिला नाही. चौकशी झाली, अहवाल तयार झाला, आणि त्यात एक वाक्य आलं: मृत कामगाराने जमिनीवरील पिवळी सुरक्षा रेषा स्वतः ओलांडली. पैशाचं म्हणाल तर कायद्याने जे मिळायचं ते घरच्यांना मिळालं. पण त्या एका वाक्याने मजीद स्वतःच्या मरणाचा गुन्हेगार ठरला. कारखान्यातल्या दर महिन्याच्या सुरक्षा वर्गात त्याचं उदाहरण देतात, नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं. शाळेत त्याच्या नूरैनला एका मुलीने तोंडावर सांगितलं, तुझ्या पप्पांनी रूल मोडला म्हणून ते गेले. नूरैन दहावीत होती. तिने तेव्हापासून शाळेच्या बसने जायचं सोडलं. ऊन असो, वाळू उडो, चालत जायची.

आणि गोम अशी होती की त्या दिवशी तिथे पिवळी रेषा नव्हतीच. ती मजीद गेल्यावर तिसऱ्या दिवशी मारली. हे कारखान्यात दहा-बारा जणांना माहीत होतं, पण कागदावरून माहीत असलेला एकच माणूस होता. फ्रेडरिक कागदपत्रांच्या विभागात होता. पिवळ्या रंगाच्या चार डब्यांचा मागणी-अर्ज त्याच्याच फाइलमध्ये होता, तारखेसकट. आणि अहवालातलं ते वाक्यही त्यानेच टाइप केलं होतं. साहेबांनी सांगितलं, त्याने टाइप केलं, साहेबांनी सही केली. रिटायर व्हायला तीन वर्षं उरली होती. तोंड उघडलं असतं तर तीन दिवसांत वसईला घरी परतायचं विमान धरावं लागलं असतं, असं त्याने स्वतःला चौदा महिने समजावलं. मजीदची बायको सफूरा कंपनीच्या क्लिनिकमध्ये मदतनीस होती. ब्लडप्रेशर तपासायला गेला की तिच्या हातात हात द्यावा लागायचा. मग त्याने ब्लडप्रेशर तपासणंच बंद केलं.

आता गव्हर्नर चालले होते. कंपनीचा नियम असा की अहवाल बदलायचा तर ज्याने सही केली त्यानेच बदलायचा. ते गेले की ते वाक्य कायमचं तिथेच राहणार. म्हणून फ्रेडरिकने आयुष्यात पहिल्यांदा जरा धीर केला. एका पानाची दुरुस्ती तयार केली, सोबत रंगाच्या अर्जाची प्रत लावली, आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

साहेबांनी कागद वाचला. रागावले नाहीत. खुर्ची मागे रेलून त्यांनी विचारलं, की हे सफूराबाईंना माहीत आहे का. फ्रेडरिक म्हणाला, नाही, अजून कोणालाच नाही. साहेबांनी मान हलवली. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

"बघतो मी. माणसाच्या नावावर डाग राहू नये, मलाही वाटतं," ते म्हणाले. "समारंभ होऊन जाऊ दे. मानपत्र तूच लिहितोयस ना? सुरक्षेवर दोन ओळी चांगल्या येऊ देत. मस्कतहून मोठे लोक येणार आहेत, आपले ओमानी डायरेक्टर येणार आहेत. सात वर्षांचं काम आहे रे माझं, एका गोष्टीने झाकोळायला नको."

"आणि कागद, सर?"

"जायच्या आधी तुझ्या टेबलावर येईल. इन्शाल्ला."

या वाळवंटात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या शब्दाचे निदान चार अर्थ माहीत असायला हवे होते. पण गरजवंत माणूस त्यातला आपल्या सोयीचा तेवढा ऐकतो. फ्रेडरिक बाहेर आला तो जवळजवळ तरंगत. सौदा झाला असं त्याने धरलं. तो दोन ओळी देणार, साहेब एक सही देणार.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा आटोपून तो जेवणाच्या टेबलावर बसला. जाड कागद, काळी शाई, कट निबचं पेन. वसईच्या मराठी शाळेतल्या मास्तरांनी छडी मारमारून घडवलेलं त्याचं अक्षर कॉलनीत प्रसिद्ध होतं. बाकीचं मानपत्र भरभर उतरलं, कारण ते आठ वेळा उतरलंच होतं. अडलं ते सुरक्षेपाशी. तासभर तो पेन घेऊन बसला. क्लोटिल्डा, त्याची बायको, मासळी साफ करता करता दोनदा डोकावून गेली. शेवटी त्याने लिहिलं:

'कामगाराचा जीव हीच आपण कारखान्याची खरी संपत्ती मानलीत. आपल्या कारकिर्दीत व्यवस्थापनाच्या हयगयीने कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, याची आम्ही सर्व कुटुंबे कृतज्ञतेने साक्ष देतो.'

लिहून झाल्यावर त्याने ते मोठ्याने वाचलं, आणि लाज वाटायच्या आधी त्याला ते आवडलं. लिहिणाऱ्या माणसाचा हा रोग असतो. क्लोटिल्डाने हात पुसत ऐकलं आणि विचारलं, की हे मजीदच्या बायकोने ऐकलं तर. फ्रेडरिकने तिला सगळं समजावून सांगितलं. दुरुस्ती, ड्रॉवर, साहेबांचा शब्द. दोन खोट्या ओळींच्या बदल्यात एक खरी ओळ मिळत असेल तर देवसुद्धा हिशेब धरणार नाही, असं म्हणाला.

"देवाचं राहू दे," क्लोटिल्डा म्हणाली. "त्याने आधी सही करू दे, मग तू वाच. उलटं कशाला करतोस?"

फ्रेडरिक चिडला. म्हणाला, साहेबांना काय अट घालायची? तुला ऑफिसातलं काय कळतं? क्लोटिल्डा सुरमई तळायला निघून गेली. तिला ऑफिसातलं काही कळत नव्हतं हे खरंच होतं.

मानपत्राची कॉलनीत आणखी एक रीत होती. मजकुराखाली मंडळाचे पदाधिकारी सही करायचेच, पण सोबत एक वेगळा कागद जोडायचा आणि त्यावर घरटी एक सही घ्यायची. पूर्वी कधीतरी कोणाचं तरी नाव राहिलं आणि त्यावरून वर्षभर अबोला झाला, तेव्हापासून एकही घर सोडायचं नाही असा नेम होता. यादी घेऊन प्रशांत फिरायचा. सगळे दारातच सही करायचे, मजकूर कोणी वाचत नसे. या वेळी प्रशांत म्हणाला, की सफूराभाभींकडे मला जायला अवघड वाटतं, तुम्हीच जा.

फ्रेडरिकला सुटायचा तो शेवटचा मोका होता. ते घर वगळलं असतं तर कोणी ब्र काढला नसता. पण त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. तिची सही बघून साहेब विरघळतील, त्यांच्या हातून दुरुस्ती आपोआप होईल, असं त्याने मनाशी रचलं होतं. तिचं नाव दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत न जाता अगदी वर यावं म्हणून त्याने पहिली जागा रिकामी ठेवली होती.

सफूरा क्लिनिकमधून नुकतीच आली होती. त्याला आत बसवून तिने बिनदुधाचा सुलेमानी चहा केला. मजीद गेल्यापासून तो तिच्या घरी पहिल्यांदाच आला होता. कागद हातात घेऊन तिने उलटसुलट केला. ती उर्दू शाळेत शिकलेली. बोलायला मराठी तिची घरचीच, पण वाचायला बसली की बोट ठेवून एकेक अक्षर जुळवावं लागायचं, आणि फ्रेडरिकच्या वळणदार अक्षरात तर तिचा निभाव लागेना.

"काय लिवलंय ह्याच्यात, फ्रेडरिकभाई?"

"नेहमीचंच, भाभी. स्तुती. जाणाऱ्या माणसाला चार शब्द बरे बोलायचे."

"मजीदचं काय हाय?"

"मजीदचं नाव नाहीये त्यात," फ्रेडरिक म्हणाला. हे अक्षरशः खरं होतं. मग घाईने पुढे म्हणाला, "भाभी, तुम्ही सही केलीत तर मजीदच्या कामाला मदत होईल. आत्ता विचारू नका. आठ दिवसांत कळेल."

चौदा महिन्यांत 'मजीदचं काम' असे शब्द कोणी सफूरापुढे उच्चारले नव्हते. तिने पेन घेतलं आणि सगळ्यात वर, रिकाम्या जागी, उर्दूत सही केली. खाली कंसात मराठीत नाव लिहायला फ्रेडरिकनेच सांगितलं, म्हणजे कोणाला वाचायला अडचण नको. तिने जपून एकेक अक्षर काढलं. निघताना ती म्हणाली, की तुम्ही आणलंय म्हणजे वाईट नसणार. तो पायऱ्या उतरून खाली गेला.

समारंभ गुरुवारी संध्याकाळी पाचला. कॉलनीचा हॉल भरून गेला होता. बायकांनी पैठण्या काढल्या होत्या, मस्कतचे पाहुणे पुढच्या सोफ्यांवर होते, ओमानी डायरेक्टर पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात शांतपणे खजूर खात होते. त्यांना समजावं म्हणून मंडळाने मानपत्राचं इंग्रजी भाषांतर छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवलं होतं. ही प्रशांतची हुशारी. फ्रेडरिकला ते हॉलमध्ये आल्यावर कळलं. तिसऱ्या रांगेत सफूरा बसली होती, शेजारी नूरैन. नूरैनच्या हातात तो कागद होता. ही मुलं मराठी बोलताना दहादा अडखळतात, इंग्रजी मात्र पाण्यासारखं वाचतात.

फ्रेडरिक उभा राहिला आणि वाचायला लागला. आवाज त्याने मुद्दाम खाली ठेवला होता. सुरक्षेच्या परिच्छेदाशी तो आला तेव्हा त्याची नजर आपोआप तिसऱ्या रांगेत गेली. नूरैनने कागदावरून डोकं वर केलं होतं. ती आईच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती, थांबत थांबत, शब्द शोधत. सफूराचा चेहरा त्याला नीट दिसला नाही. टाळ्या झाल्या. डायरेक्टरांनीही टाळ्या वाजवल्या.

शाल झाली, नारळ झाला, फ्रेम केलेला चांदीचा ओमानी खंजीर झाला. मग गव्हर्नरसाहेब बोलायला उठले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खोटं कशाला बोला, ते खरोखरचे भरून आले होते. अशा माणसांचं हेच अवघड असतं. त्यांनी सह्यांचा कागद उंच धरला. म्हणाले, मला पुष्कळ बक्षिसं मिळाली, पण हा कागद माझ्याबरोबर चितेपर्यंत येईल. मग चष्मा लावून पहिलं नाव वाचलं.

"सफूरा मजीद. या भगिनीने आमच्या कारखान्यात आपला पती गमावला. आणि तरी तिची सही सगळ्यात वर आहे. यापरतं मोठं प्रशस्तिपत्र मला नको."

कोणीतरी उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. पाहता पाहता सगळा हॉल उभा राहिला. लोक मागे वळून सफूराकडे बघत टाळ्या वाजवत होते, कौतुकाने, काही बायका डोळे पुसत. ती मधोमध बसून होती, पाण्यात पडलेल्या माणसासारखी. नूरैन उठली आणि रांगेतून वाट काढत बाहेर गेली. तिच्यामागे सफूरा गेली. फ्रेडरिक व्यासपीठावर होता, त्याच्या हातात हारांचं तबक होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला सुचेना.

शुक्रवार-शनिवार तो घराबाहेर पडला नाही. क्लोटिल्डाने दोनदा म्हटलं, जाऊन ये त्यांच्याकडे. तो म्हणाला, रिकाम्या हाताने जाऊन काय सांगू? सही झालेला कागद घेऊन जातो, मग कळेल त्यांना मी काय केलं ते. त्या कागदावर त्याने आपली सगळी अब्रू टांगून ठेवली होती. साहेब शुक्रवारीच विमानात बसले होते.

रविवारी सकाळी आठवडा सुरू झाला तेव्हा ऑफिसात टेबलावर पाकीट होतं. साहेबांनी शब्द पाळला होता, कागद टेबलावर आला होता. दुरुस्तीच्या पानावर सहीची जागा कोरी. वरच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत चार ओळी: 'कुटुंबाने सहीनिशी समाधान व्यक्त केले आहे. अहवालात बदलाची गरज दिसत नाही. मानपत्र व सह्यांची प्रत फाइलला जोडावी. फाइल बंद.' खाली मानपत्राची झेरॉक्स आणि सह्यांची झेरॉक्स. व्यवस्थित स्टेपल केलेली.

फ्रेडरिकने ते तीनदा वाचलं. त्या माणसाने काही फसवलं नव्हतं, हे त्याला तिसऱ्यांदा वाचताना कळलं. साहेबांकडे कुटुंबाच्या समाधानाचा पुरावा नव्हता. तो फ्रेडरिकने करून दिला, सुंदर अक्षरात लिहून दिला, आणि घरी जाऊन बाईची सही घेऊन पुरा केला. चौदा महिने तो नुसता गप्प होता. आता त्याने बोलून तेच केलं होतं, जास्त पक्कं.

दहाच्या सुमाराला सफूरा आली. क्लिनिकचा निळा कोट अंगात होता. बसली नाही. फ्रेडरिकने तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, रंगाच्या डब्यांपासून. पाकीट तिच्यापुढे ठेवलं. मी हेड ऑफिसला लिहितो, म्हणाला. अर्जाची प्रत आहे, तारीख आहे, मी स्वतः साक्ष देतो, नोकरी गेली तर जाऊ दे.

"लिवा," सफूरा म्हणाली. "ते म्हणतील, बाईचीच सही हाय. तिला तक्रार नव्हती, तुमाला कुठून आली?"

फ्रेडरिकने सह्यांची झेरॉक्स पुन्हा उलटून पाहिली.

"चौदा महिने मी नूरैनला सांगितलं, तुझ्या अब्बाची गलती नव्हती. पुरावा काय नव्हता, तरी सांगितलं. ती मानत होती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "गुरुवारपास्न विचारते, अम्मी, गलती नव्हती तर तू सही का केलीस? मी काय सांगू? तुमीच चला. तुमी सांगा तिला."

तो तिच्याबरोबर गेला. रंगाच्या अर्जाची प्रत घडी करून खिशात ठेवली होती. नूरैनची त्या दिवशी परीक्षेची सुट्टी होती. तिने दार उघडलं, आईला आत घेतलं, आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली. फ्रेडरिकने घडी उलगडून कागद तिच्या हातात दिला. तिने तारीख वाचली. मग पुन्हा वाचली. वडील कोणत्या तारखेला गेले हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे लाइन नंतर... नंतर केली," ती म्हणाली. शब्द जुळवत, त्याच्यासाठी मराठीत. "अब्बांनी काय नाय केलं."

"नाही बाळा. त्यांनी काहीच चूक केली नव्हती."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि तेवढा एक क्षण फ्रेडरिकला वाटलं, बाकी सगळं गेलं तरी हे झालं. मग ती विचार करायला लागली हे त्याला दिसलं.

"अंकल, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून," फ्रेडरिक म्हणाला.

नूरैनने मान डोलावली. कागद नीट घडी करून तिने आपल्याकडे ठेवून घेतला, थँक यू अंकल म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. तिने दार आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तो तिथेच उभा राहिला, परत वाजवावं का या विचारात, आणि मग कारखान्याची जेवणाची शिट्टी झाली तसा जिना उतरून गेला.